मुंबईत माणसं कमी झाली तरी घरं महागच, मग दोष खरंच गर्दीचा आहे का?

सव्वासातची_लोकल

काल ट्रेनमध्ये परत तोच वाद. एक काका म्हणाले माणसं वाढली, जमीन तेवढीच, घरं महाग होणारच, यात राजकारण कुठून आलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीपण डोलावली, कारण त्या गर्दीत मान सोडून दुसरं काही हलतच नव्हतं. पण घरी येऊन जनगणनेचे आकडे काढले आणि डोकं फिरलं.

2001 ला मुंबई शहर जिल्ह्यात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत, 33 लाख 38 हजार माणसं होती. 2011 ला 30 लाख 85 हजार. दहा वर्षांत अडीच लाख माणसं कमी. आणि ह्याच दहा वर्षांत लोअर परळला गिरण्यांच्या जागी टॉवर आले आणि भाव कुठच्या कुठे गेले. माणसं गेली, मजले वाढले, भावही वाढले, हे गणित कोणीतरी समजवा मला. उपनगरं धरली तरी अख्खी मुंबई 1 कोटी 20 लाखांवरून 1 कोटी 24 लाख, म्हणजे चार टक्केसुद्धा वाढ नाही. आणि तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा? 81 लाखांवरून 1 कोटी 10 लाख. मुंबई भरली नाही हो, मुंबईने माणसं उचलून ठाण्यात ओतली.

मी त्यातलाच. वडील दादरच्या चाळीत वाढले, मी डोंबिवलीत, आता फ्लॅट बदलापूरला. प्रत्येक पिढीमागे अर्धा तास लोकल लांब.

माझं म्हणणं एवढंच, की घराचा भाव माणसं मोजून ठरत नाही, तो मंत्रालयातल्या कागदावर ठरतो. एफएसआय किती, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं, त्यावरच्या जादा बांधकामाचा प्रीमियम किती, कोणाला सूट, कोणती झोपडी पात्र, कोणाचा प्लॉट निवासी. आणि 1995 पासून जे जे सत्तेत आले त्या सगळ्यांनी तेच केलं, त्यामुळे कृपया आपापले झेंडे बाहेर ठेवून या.

भूमिपुत्र_वसई

आकडे 2011 चे, आणि निष्कर्ष आजचा. वा. दीड दशक झालं त्याला. एकदा नालासोपारा स्टेशनला संध्याकाळी उतरून दाखवा आणि मग सांगा गर्दीचा संबंध नाही म्हणून.

आमच्याकडे भातशेती होती, विहिरी होत्या, केळीच्या बागा होत्या. आता टँकर. 2025 च्या सुरुवातीला नालासोपाऱ्यात 41 इमारती पाडल्या, डम्पिंग आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव जागेवर उभ्या होत्या त्या. अडीच हजार कुटुंबं रस्त्यावर. ती आली कुठून? लोंढे येतात, जागा दिसेल तिथे कोणीतरी स्लॅब टाकतो, पुढारी वीज-पाणी मिळवून देतो आणि मतदार यादीत नाव चढतं. याला गर्दीच म्हणतात मित्रा. यायचं थांबवा, भाव आपोआप खाली येतील.

आकडेमोड

@भूमिपुत्र, आकडे जुने आहेत कारण 2021 ची जनगणना झालीच नाही, आता 2027 ला होतेय. तोपर्यंत आपण सगळेच अंदाजपंचे बोलतोय, तुम्हीही.

पण दोन गोष्टी मिसळताय. राज्यात जन्म कमी झालेत, पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा जननदर 1.7 आला होता, म्हणजे बाईमागे दोनसुद्धा मुलं नाहीत. लोकसंख्येचा स्फोट वगैरे जुन्या निबंधातली भाषा झाली. वाढतायत ती कुटुंबं. पूर्वी दहा बाय बाराच्या खोलीत आजी-आजोबा, दोन भाऊ, त्यांच्या बायका, पोरं असे नऊ जण राहायचे. आता त्याच नऊ जणांना तीन किचन लागतात. एक माणूस न वाढता दोन घरं वाढली की नाही? धागाकर्त्याच्या कोड्याचं अर्धं उत्तर हे आहे. शहरातली माणसं कमी झाली कारण एका खोलीत कोंबलेली माणसं बाहेर पडली, आणि त्यात काही वाईट नाही.

उरलेल्या अर्ध्याबद्दल मी धागाकर्त्याच्या बाजूने.

बांधकामवाला

वीस वर्षं या धंद्यात आहे, छोटी कामं करतो, दोन-तीन सोसायट्यांची रीडेव्हलपमेंट केलीये, त्यामुळे शिव्या घालायच्या असतील तर इथेच घाला.

1991 च्या नियमावलीत मुंबई शहराला एफएसआय होता 1.33 आणि उपनगरांना 1. एक! समुद्राने तीन बाजूंनी वेढलेल्या शहराला. बाकी जगात काही दाट शहरांच्या मध्यभागी हा आकडा 10 च्या वर जातो. मूळ हक्क मुद्दाम कमी ठेवायचा आणि वरचा सगळा विकत घ्यायला लावायचा, फंजिबल म्हणजे जादा एफएसआयचे पैसे, जिन्या-लिफ्टचा प्रीमियम, मोकळी जागा कमी पडली त्याचा प्रीमियम, टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा बांधकामाचा हक्क, बाजारातून आणा तो वेगळा. 2018 ला नवीन नियमावली आली, आकडे वाढले, पण तत्त्व तेच, बेसिक थोडा आणि बाकी दुकान. मग फाईल. प्रत्येक टेबलावर वेळ जातो आणि वेळ म्हणजे व्याज, ते व्याज मी माझ्या बायकोच्या पगारातून भरतो असं वाटतं का तुम्हाला? ते तुमच्या चौरस फुटात येतं. त्यावर तुम्ही 6 टक्के स्टॅम्प ड्युटी भरता, त्यातला एक टक्का मेट्रोचा. बांधकाम चालू असेल तर जीएसटी 5 टक्के.

हां, परवडणाऱ्या घराला जीएसटी 1 टक्का आहे. परवडणारं म्हणजे किती? 45 लाखांपर्यंत. 2019 ला ठरवलेला आकडा, तोच चालू आहे. चेंबूरमध्ये 45 लाखांत काय येतं? पार्किंगचा विचार करता येतो.

पुरवठा वाढू द्या. एफएसआय मोकळा करा. बाकी सगळं भाषण आहे.

परळची_सून

बांधकामवाले दादा, एफएसआय मोकळा केला की काय होतं ते आमच्या खिडकीतून दिसतं. या एकदा.

गिरणी जमिनींचा 1991 चा नियम होता की तीन वाटे करायचे, एक मोकळी जागा महापालिकेला, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 ला त्यात बदल केला, वाटणी फक्त गिरणीच्या *मोकळ्या* जमिनीची करायची, शेड उभी असलेली जमीन मालकाची. आता गिरणी म्हणजे शेडच ना हो? मोकळं असं राहतं किती? 2006 ला सुप्रीम कोर्टानेही तो बदल मान्य केला. तिथे पुरवठा झालाच की, भरपूर झाला. चाळीस-चाळीस मजले. रात्री त्यातल्या किती खिडक्यांत दिवा असतो ते मी मोजते अधूनमधून, पोरं झोपली की. निम्मे तरी अंधारात असतात.

माझे सासरे 82 च्या गिरणी संपात होते. घरासाठी अर्ज केलाय, दीड लाखाच्या वर कामगार नाहीतर त्यांचे वारस रांगेत आहेत, सोडतीची घरं आत्तापर्यंत निघाली ती त्याच्या पासंगाला पुरत नाहीत. आता सरकार म्हणतं शेलू-वांगणीला घ्या. वांगणी! धागाकर्ते, तुमच्या बदलापूरच्याही पुढे. 2025 च्या जुलैमध्ये आझाद मैदानात मोर्चा झाला त्यासाठीच, सासऱ्यांना गुडघ्यामुळे जाता आलं नाही, मी गेले.

निवृत्त_कारकून

बांधकामवाल्यांनी एक बाजू मांडली, सूनबाईंनी दुसरी, मी कपाटातली सांगतो. या सगळ्या फायली बघून बघून चष्म्याचा नंबर वाढलाय.

मोफत घरांची कथा अशी. 1995 च्या निवडणुकीत युतीने 40 लाख झोपडीवासीयांना मोफत घरं देऊ असं सांगितलं. सरकार आलं, झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) प्राधिकरण आलं. कल्पना डोकेबाज होती, सरकारने एक रुपया घालायचा नाही, बिल्डरने झोपडीवाल्याला फुकट घर द्यायचं आणि त्याच जागेवर जास्तीचा एफएसआय घेऊन विकायला टॉवर बांधायचा. आता नीट बघा, ही योजना चालते कशावर? विक्रीच्या घराचा भाव चढा असण्यावर. भाव पडला की बिल्डर पळाला आणि झोपडीवाला तात्पुरत्या ट्रान्झिटच्या घरात अडकला. म्हणजे गरिबाचं घर श्रीमंताच्या महाग घराला बांधून टाकलंय. जुन्या पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने राहायच्या इमारतींचं, नियमावलीतल्या 33(7) चं, तेच. सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटचंही तेच. ज्या राज्याची सगळी गृहनिर्माण योजना चढ्या भावावर उभी आहे ते राज्य भाव उतरवेल कसं?

आणि कटऑफ, म्हणजे कुठल्या तारखेपर्यंतची झोपडी पात्र ते. 1976 ला झोपड्या मोजल्या, मग 80, मग 85, मग 95, मग 2000, आणि त्यानंतर 2011 पर्यंतच्यांना अडीच लाख भरून. प्रत्येक तारखेच्या वेळी हीच शेवटची म्हणून सांगितलं. मीही लोकांना काउंटरवर हेच सांगायचो. लोक हसायचे.

साताऱ्याचा_पाव्हना

सगळे मुंबईतच बांधायचं म्हणताय, च्यायला जरा बाहेर बघा की. 2001 ते 2011 मध्ये रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. वाढ कमी झाली असं नाही, घटली! आमच्या वाडीत अकरा घरं, सात घरांना कुलूप, दगडी जोती, सागाचे वासे, मोठ्ठी पडवी, फुकटात राहा म्हटलं तरी कोणी राहत नाही. राज्यात घरांचा तुटवडा नाही पाव्हनं, घराजवळ कामाचा तुटवडा आहे. आयटी हिंजवडीत, फायनान्स बीकेसीत, कारखाने चाकणला. मग पोरगं जाणार कुठं?

@भूमिपुत्र तुम्ही लोंढे लोंढे म्हणता त्यात परप्रांतीय डोक्यात असतात तुमच्या, पण मुंबईला गिरण्यांपासून माणूस पुरवला तो आमच्या साताऱ्यानं आणि कोकणानं. आम्हीपण लोंढाच की मग.

भूमिपुत्र_वसई

सातारा आणि परराज्य एकच का? उगाच शब्दात पकडू नका. 2024 ला अनिल परबांनी विधान परिषदेत अशासकीय विधेयक दिलं होतं, नवीन इमारतीत 50 टक्के घरं एक वर्ष मराठी माणसासाठी राखीव ठेवा म्हणून. काय झालं त्याचं? मांस-मच्छी खाता म्हणून मराठी माणसाला मुंबईत घर नाकारतात, त्यावर इथे कोणी बोलणार नाही, सगळ्यांना एफएसआय सुचतो.

परळची_सून

नाकारतात हे खरंय, आमच्या नणंदेला दोनदा नाकारलं, एजंट फोनवरच आडनाव विचारून मोकळा. संताप येतो. पण दादा, वर्षभर राखीव ठेवून तीन कोटींचं घर मी घेणार कशाने? राखीव डब्यात चढायला तिकीट तरी परवडायला हवं ना.

आणि लोक म्हणतात मराठी माणसाने गिरगावातली खोली विकून डोंबिवलीला दोन बेडरूम घेतले, स्वतःच्या पायाने गेला. काही गेले असतील. पण रीडेव्हलपमेंट झालेल्या टॉवरमध्ये ज्यांना फुकट घर मिळालं त्यांना मेंटेनन्स फुकट नव्हता. तीन लिफ्ट, पंप, सिक्युरिटी, बिल्डरने दिलेला कॉर्पस फंड संपला की महिन्याचं बिल हातात. चाळीत भाडं किती होतं? शंभराच्या आत. पेन्शनीत ते बिल बसत नाही, मग विकतात. याला स्वतःच्या पायाने म्हणतात का ते तुम्हीच ठरवा.

कोथरूडकर

दुपारी एक ते चार झोपलो होतो म्हणून उशीर.

मुंबईकरांनो, तुमचं दुःख आम्ही आयात केलंय. 2001 ते 2011 पुणे जिल्हा 72 लाखांवरून 94 लाखांवर. पालिकेत 2017 ला 11 गावं घेतली, 2021 ला 23. गावं आली, पाणी आलं नाही. सोसायटीच्या ब्रोशरमध्ये इन्फिनिटी पूल आणि प्यायला टँकर. इथे समुद्र नाही, तीन बाजूंनी काही वेढलेलं नाही, जमीन पसरलेली आहे चारी दिशांना, तरी भाव चढतातच. तेव्हा मुंबई बेट आहे म्हणून महाग हे कारण निदान आमच्याकडे चालत नाही. शेतजमीन कोणाच्या नावावर आहे आणि रिंगरोडची आखणी कोणाला आधी कळते एवढं बघितलं की पुरे.

आकडेमोड

रिकाम्या घरांचा विषय सूनबाईंनी काढला तो पुढे नेतो. 2011 च्या जनगणनेत मुंबईत जवळपास 4 लाख 80 हजार घरं रिकामी होती, देशातल्या शहरांत सगळ्यात जास्त. 2017-18 च्या केंद्राच्या आर्थिक पाहणीतही हा आकडा होता, आणि कारणांमध्ये भाडेनियंत्रणाचं नाव होतं. 1947 चा कायदा. भाडं गोठवलं, मालकाने डागडुजी सोडली, इमारती पडायला लागल्या, पागडी सुरू झाली. त्या भीतीने पुढच्या दोन पिढ्या भाड्याने द्यायला घाबरल्या, कुलूप लावलेलं बरं म्हणून.

निवृत्त_कारकून

अर्धवट माहिती. 1999 चा नवीन कायदा आहे, 2000 पासून लागू. लिव्ह अँड लायसन्सवर दिलेली जागा मुदत संपल्यावर न दिल्यास सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा मिळतो, करार नोंदवलेला हवा. आज कुलूप लावणारा भाडेकरूला घाबरून लावत नाही. त्याला भाड्याची गरज नाही, भाव दर वर्षी वाढतोय तेच त्याचं भाडं. रिकाम्या घरावर वेगळा कर लावा, बघा कशी कुलपं उघडतात. पण लावणार कोण? 2022 ला मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता करच माफ केला. मध्यमवर्ग खूश. माझंही 480 आहे, मीही खूश, खोटं कशाला बोलू.

बांधकामवाला

मग सरकारनेच बांधावीत का घरं? म्हाडा बघा. 2023 च्या मुंबईच्या सोडतीत 4,082 घरं, लाखावर अर्ज, आणि त्यात ताडदेवचं एक घर साडेसात कोटींचं. म्हाडाचं! सिंगापूरचं उदाहरण कोणीतरी देणारच म्हणून आधीच सांगतो, तिथे पाचातली चार माणसं सरकारी घरात राहतात कारण तिथे सरकारने 1966 चा कायदा करून जमीन आधी ताब्यात घेतली. आपण 1976 ला जमीन धारणेवर मर्यादा घातली, मुंबईत 500 चौरस मीटर, आणि मग सूट देत बसलो, हातात जमीन आली चिमूटभर, आणि 2007 ला कायदाच रद्द. ना घेतली ना सोडली. तीस वर्षं बाजारातली जमीन गोठवून ठेवली फक्त.

सव्वासातची_लोकल

सगळ्यांचं वाचलं. राजकारण म्हणजे काय ते मला नीट मांडता आलं नव्हतं, कारकून काकांनी मांडलं. त्यात एक भर.

2008 ला मतदारसंघांची फेररचना झाली. मुंबई शहराचे आमदार 17 वरून 10, उपनगरांचे 17 वरून 26. अखंड ठाण्याचे 13 वरून 24. जनगणना 2027 ला झाली की पुढची फेररचना येईल, तेव्हा ठाणे-पुणे आणखी वाढणार. तरी मी काम करतो वरळीत, दिवसाचे बारा तास मुंबईत, पाणी मुंबईचं पितो, खड्डे मुंबईचे, आणि मत बदलापूरला. मुंबईत घर स्वस्त व्हावं असं ज्याला वाटतं तो मुंबईचा मतदारच नाही, त्याला आधीच बाहेर पाठवलंय! आतमध्ये उरला तो घराचा मालक, त्याला भाव वाढलेला हवा, नाहीतर पात्रतेची वाट बघणारा, त्यालाही बिल्डर टिकायला हवा. मग कुठला नगरसेवक भाव उतरवायचं बोलेल? आणि बदलापूरच्या आमदाराकडे आम्ही मागतो काय, तर जादा लोकल.

आकडेमोड

मुद्दा चांगला आहे, पण आता सरळ प्रश्न विचारतो, रागवू नका. तुमचा बदलापूरचा फ्लॅट. उद्या एफएसआय, प्रीमियम, रिकाम्या घरावर कर, सगळं तुमच्या मनासारखं झालं, मुंबईत घरं खरंच 40 टक्के उतरली. बदलापूर मग राहील का आहे त्या भावाला? चालेल तुम्हाला?

भूमिपुत्र_वसई

हाहा. आता बोला.

साताऱ्याचा_पाव्हना

गेले वाटतं 😄

सव्वासातची_लोकल

नाही गेलो, अंबरनाथला नेटवर्क जातं.

सतरा वर्षांचे हप्ते बाकी आहेत. मागच्या महिन्यात खालच्या मजल्यावरचा फ्लॅट विकला गेला तो आकडा ऐकून मी आणि बायकोने रात्री हिशोब करून बघितला, आपला आता किती झाला असेल, आणि छान वाटलं हो. दोघंही हसत होतो. तेव्हा मला हा धागा आठवला नाही.

परळची_सून

त्यात लाजायचं काय. आमच्या घरी पण करतात तो हिशोब, अजून न मिळालेल्या घराचा.

बांधकामवाला

@धागाकर्ते, खालचा फ्लॅट कार्पेट किती आणि कितीला गेला? सहज विचारतोय.